रूथबाईंची भिंत

परदेशातली अकरा माणसं पदरचं तिकीट काढून, दोन दिवस विमानात अवघडून बसून, वडूजच्या पुढच्या माळावर विटा रचायला येणार आहेत, असं मंगलला पहिल्यांदा कळलं, तेव्हा सांगणाऱ्याचं तोंड हुंगायचं तेवढं तिनं बाकी ठेवलं होतं.

विटा रचायला कुणी हौसेनं येतं होय? मंगल पंधरा वर्षं भाऊसो गवंड्याच्या हाताखाली घमेली वाहत होती. एवढ्या वर्षांत विटेला खुशीनं हात लावणारा एक माणूस तिला भेटला नव्हता. खुद्द भाऊसोसुद्धा सकाळी पहिली वीट उचलताना असा काही सुस्कारा टाकायचा, की वाटावं, वीट नव्हे, सासरा उचलतोय.

पण माणसं आली, हे खरं. सांगलीच्या एका चर्चच्या ओळखीनं अमेरिकेतल्या कुठल्याशा थंड गावच्या चर्चची मंडळी आली. घर बांधायचं होतं धोंडुबाईचं. धोंडुबाई सत्तरीची, एकटी. उभा जन्म मेंढरांमागं फिरण्यात गेला. गेल्या वैशाखात वाऱ्यानं तिच्या खोपटाचे पत्रे नेले ते थेट ओढ्यापलीकडं. गावात कुजबुज झालीच, की ही मंडळी म्हातारीचा देव बदलणार. धोंडुबाईनं ती कुजबुज पदराआड ठेवली नाही. सांगलीचे पाद्रीसाहेब जागा बघायला आले, तेव्हा तिनं तोंडावर सांगितलं, "घर बांदा, पर पयला आत माजा बिरोबा जाईल. मग मी. मग तुमी." पाद्रीसाहेब हसले, म्हणाले, "चालेल आजी, आम्ही तिसरे." विषय तिथंच मिटला.

मंगलचा विषय मात्र मिटला नव्हता. तिला एकच कोडं पडलं होतं, ही माणसं आली कशाला? ती बघत राहिली. त्यांच्या टोप्या बघितल्या, नाकाला फासलेलं पांढरं मलम बघितलं, पाण्याच्या बाटल्या बघितल्या. जेवायच्या आधी सगळी डोळे मिटून हात धरायची आणि डोळे उघडल्यावर एकमेकांकडं बघून हसायची. यात काही फसवेगिरी दिसेना. उत्तरही मिळेना.

पहिल्याच दिवशी मात्र एक गोष्ट अशी झाली, की मंगलच्या डोक्यावरचं घमेलं हललं. धोंडुबाईच्या हातचा नारळ फुटला, कुंकू लागलं आणि भाऊसोनं एक नवी कोरी थापी उचलून चक्क एका बाईच्या हातात दिली. बाई साठीची, उंच, सडसडीत, पिकल्या केसांची. नाव रूथ. गाव लगेच रूथबाई म्हणायला लागलं.

आता यात नवल काय, असं शहरात कुणाला वाटेल. पण या भागात बाईनं सिमेंट-वाळूचा माल कालवावा, माल वाहावा, विटा भिजवाव्यात, बांधलेल्या भिंतीला आठ दिवस पाणी मारावं. थापी मात्र पुरुषाच्या हातात. का, ते कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं. मंगलनं एकदा जेवणाच्या सुट्टीत गंमत म्हणून भाऊसोची थापी उचलली होती, तर तो भाकरी तशीच टाकून धावत आला होता. आणि इथं ज्या बाईनं जन्मात वीट बघितली नाही, तिला तोच भाऊसो दात काढून थापी देत होता! मंगलला राग आला. खोटं कशाला बोला, चांगला आला. तिनं तो मालात कालवला आणि घमेलं उचललं.

रूथबाईंचं काम बघण्यासारखं होतं. वीट कोरडीच घ्यायच्या. माल एवढा लावायच्या, की दोन थरांमध्ये बोट जावं. सांधा चुकवायचा सोडून सांध्यावर सांधा आणायच्या. दुसरी मंडळीही त्याच वाटेनं जाणारी. दुपारी चारला ती वडूजच्या लॉजकडं निघून गेली, तेव्हा भिंतींना पोट आलं होतं. भाऊसोनं ओळंबा सोडला. लंबक भिंतीपासून चार बोटं लांब झुलत राहिला.

"म्हातारी हितं निजणार हाय," भाऊसो स्वतःशीच बोलला. मग बाकीच्या गड्यांना त्यानं घरी पिटाळलं आणि ओला होता तोवर सगळा थर हातानं उकलून काढला. दिवस मावळेपर्यंत एकटाच पुन्हा रचत बसला. मंगल त्याला माल देत होती. सकाळी मंडळी आली, सरळ भिंत बघून खूश झाली, आणि भाऊसोनं तोंडातून ब्र काढला नाही. पाहुण्यांचा मान राखावा लागतो. भाऊसो तोंडाचा फटकळ असला, तरी मनाचा वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाडायचं काम दुप्पट झालं. अंधार पडायला दीड तास आणि भाऊसोचा गुडघा दुखत होता. त्यानं इकडं तिकडं बघितलं. माळावर चिटपाखरू नव्हतं. मग दुसरी थापी मंगलच्या पायाशी टाकत तो म्हणाला, "त्या कोपऱ्याकडनं धर. आन् ह्यातलं गावात काय बोलायचं न्हाई."

"मला जमंल?" मंगलनं विचारलं खरं, पण तोवर थापी उचललीही होती.

"पंदरा वर्सं माज्या चुका काढतीस डोळ्यानं. मला काय कळत न्हाई व्हय?"

मंगलनं पहिली वीट बसवली. थापीच्या मुठीनं दोन ठोके दिले, बाहेर आलेला माल झटक्यात काढून घेतला, पुढची वीट घेतली. हात असे चालले, जसं काही रोज हेच करत होते. त्या संध्याकाळी घरी जाताना ती वाटेत एकटीच हसत होती. असा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता, आणि नवरा काही वाईट नव्हता तिचा.

दोन संध्याकाळी असं चाललं. दिवसा मंगल रूथबाईंना माल नेऊन द्यायची, संध्याकाळी रूथबाईंनी रचलेलं उकलून स्वतः रचायची. मग चौथ्या दिवशी चहाच्या वेळी तिनं आपलं कोडं सोडवायचं ठरवलं. दुभाषी म्हणून सांगलीची अपूर्वा आली होती, कॉलेजात शिकणारी, बोलायला गोड.

"अपूर्वाताई, इचार की त्यास्नी. हितं कशापायी आल्या? त्यांच्या गावात भिंती न्हाईत?"

अपूर्वानं जरा सावरून विचारलं. रूथबाई हसल्या. कपात बघत बराच वेळ बोलल्या. अपूर्वानं सांगितलं, "मंगलताई, त्या म्हणतायत, चौतीस वर्षं एका विमा कंपनीत कागद तपासले. मग कागद गेले, कॉम्प्युटर आला. मग कंपनीच बंद झाली. नवरा वारला, मुलं लांब. एक दिवस घरात बसून विचार केला, की आपल्या हातनं झालेली एक तरी वस्तू कुठं उभी आहे का? एकही नाही. म्हणून आल्या. म्हणतायत, देवाचं काम आहे ते आहेच, पण खरं सांगायचं तर मला एक भिंत हवी होती. आता ती आहे."

असं म्हणून रूथबाईंनी तळवे पुढं केले. फोड येऊन फुटले होते, त्यावर चिकटपट्ट्या. कौतुकानं दाखवत होत्या, लेकरू दाखवावं तसे.

मंगलनं हातातले शेंगदाणे आणि गूळ तसेच पदरात बांधले. कोडं सुटलं होतं आणि नको तसं सुटलं होतं. त्या संध्याकाळी तिनं रूथबाईंच्या विटा उकलल्या, पण हात चोरासारखे चालले. एका विटेवर चिकटपट्टीचा तुकडा चिकटून राहिला होता. तिनं तो काढून कनवटीला लावला. खरं सांगावं, तर त्या बाईची भिंत जाते. न सांगावं, तरी रोज तिची भिंत आपणच खातोय. रात्री तिला भाकर गोड लागली नाही.

पाचव्या दिवशी रूथबाईंच्या वाटणीला मागची भिंत आली. गावची निम्मी माणसं बघायला जमली होती. गावातला टवाळ बिरदेव तरण्या पोरांचा घोळका घेऊन आला होता, बायका कडेवर पोरं घेऊन उभ्या होत्या. रूथबाईंनी कोरडी वीट घेतली, पसाभर माल थापला आणि वीट बरोबर सांध्यावर सांधा आणून ठेवली.

मंगलनं घमेलं खाली ठेवलं. ती पुढं झाली, रूथबाईंनी ठेवलेली वीट उचलली, पाण्याच्या पिंपात बुडवली आणि बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवली. मग रूथबाईंच्या हातातली थापी अलगद घेतली. निम्मा माल काढून टाकला, उरलेला पसरला, वीट अर्धी सरकवून बसवली. दोन ठोके. थापी परत रूथबाईंच्या हातात दिली आणि मागून त्यांचं मनगट धरलं, सून पहिल्यांदा पुरणपोळी लाटताना सासू धरते तसं.

बघणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावला.

"मंगल!" भाऊसोचा आवाज कडाडला. "ठेव ती खाली!"

मंगलनं मनगट सोडलं नाही. "ठेवती की. मग ही भिंत बी तुमीच सांजच्याला—" एवढं बोलून ती थांबली. अपूर्वा हातभर अंतरावर उभी होती. पुढचा एक शब्द, आणि रूथबाईंची चारी दिवसांची भिंत सगळ्या गावापुढं पडली असती.

रूथबाईंनी विचारलं, गवंडी काय म्हणाले? अपूर्वानं मंगलकडं बघितलं.

"सांग त्यास्नी," मंगल म्हणाली, "गवंडी म्हनत्यात, ह्या बाईकडनं शिका, म्हंजी भिंत सरळ येईल."

अपूर्वानं तसं सांगितलं. रूथबाईंनी भाऊसोकडं वळून, हात छातीशी नेऊन मान झुकवली. आता भाऊसो काय बोलणार? सगळं गाव त्याच्या तोंडाकडं बघत होतं. त्यानं एकदा मंगलकडं बघितलं. एका वाक्यात या बाईनं आपली लाज राखली, हे त्याला समजलं होतं. रागही गेला नव्हता. तो तसाच कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

इकडं थर चढत होता. कोपऱ्याची वीट मंगलची, मधल्या रूथबाईंच्या. वीट भिजव, माल पातळ, सांधा चुकव. रूथबाईंना शब्द एक कळत नव्हता आणि सगळं कळत होतं. अर्धी भिंत झाली आणि माल संपला. मंगलनं मागं न बघता, पंधरा वर्षं कानावर पडलेली आरोळी ठोकली.

"माल!"

कुणी हललं नाही. माल आणायचं काम मंगलचं, आणि मंगल तर भिंतीवर. आपण काय बोललो, ते तिला तेव्हा उमगलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. बिरदेव फिदीफिदी हसला. मग फावड्याचा आवाज आला, आणि दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत, भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन भाऊसो आला. त्यानं ते तिच्या उजव्या हाताशी ठेवलं.

"हसतूयास काय बिरदेवा?" तो गुरकावला. "दुसरं घमेलं तू आन."

चार वाजता गाडी आली. मंडळी बाटल्या, टोप्या गोळा करत होती. भाऊसोनं पिशवीतून ओळंबा काढून मागच्या भिंतीला सोडला. मंगल जवळ जाऊन उभी राहिली. तिला कोपरा माहीत होता, पण मधल्या भागाची खात्री नव्हती. लंबक झुलला, झुलला आणि स्थिर झाला. भिंतीपासून दोन सूत बाहेर.

दोन सूत म्हणजे पाव इंच, काही फार नाही. भाऊसोच्या भिंतीत मात्र तेवढंही कधी राहिलं नव्हतं. त्यानं दुसऱ्या हातात हातोडी घेतली होती. त्यानं मंगलला विचारलं, अगदी हळू, "काय करायचं गं? पाडायची?"

असं त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात रूथबाई गाडीतून उतरून परत आल्या, अपूर्वाला हाताला धरून. भिंतीजवळ आल्या. रोजच्यासारख्या हसत नव्हत्या. भाऊसोच्या हातातल्या हातोडीकडं बघितलं, मग मंगलकडं बघून काहीतरी विचारलं. अपूर्वा घुटमळली.

"मंगलताई, त्या विचारतायत... उद्या सकाळी आल्यावर हीच भिंत असेल ना? म्हणतायत, रोज सकाळी दुसरीच असते. दुसऱ्या दिवसापासूनच माहीत होतं. पण तुम्ही दोघं एवढा जीव ओतून मला खूश ठेवत होता, मग बोलायला जीभ रेटली नाही."

मंगलच्या डोळ्यांत पाणी आलं. चार संध्याकाळी आपण जिच्यापासून लपवत होतो, तिनं चार सकाळी आपल्यासाठी लपवलं. तिनं भिंतीवरून हात फिरवला. कोपऱ्यात तिची वीट, शेजारी रूथबाईंची, किंचित पुढं आलेली. म्हातारीच्या डोक्यावर पडायची नाही ही. एवढं आता मंगलला कुणाला विचारायची गरज नव्हती.

"सांग त्यास्नी," ती म्हणाली, "हीच असंल."

भाऊसोनं हातोडी पिशवीत टाकली.