उष्ट्याचं वजन

उष्ट्याबद्दल मला कुणी शिकवू नये. अकरा वर्षं मी दुसरं काही उचललेलं नाही. कोरियातल्या सोल शहरात, आमच्या जुन्या बाजाराच्या खाऊगल्लीत एकेचाळीस हॉटेलं आहेत, आणि दुपारी जेवणाची गर्दी ओसरली की माझी गाडी गल्लीत शिरते. प्रत्येक मागच्या दारापाशी झाकणाचं एक हिरवं पिंप असतं. ते उचलायचं, गाडीच्या काट्यावर ठेवायचं, आकडा आपोआप वॉर्ड ऑफिसात जातो, मग पिंप गाडीत उपडं करायचं. पुढं ते सुकवून त्याचं कोंबड्यांचं खाद्य करतात, म्हणून त्यात हाडं नकोत, शिंपले नकोत, टूथपिका नकोत. हे सांगून सांगून माझा घसा बसला, आणि बोटांना टूथपिका टोचायच्या त्या टोचतातच.

गल्लीतलं तिसरं दार मालसून मावशीचं. डुकराच्या हाडांचं सूप, भात आणि मुळ्याची किमची, म्हणजे तिखटात आंबवलेला मुळा, याशिवाय तिनं चाळीस वर्षांत काही केलं नाही. आमच्याकडं तोंडीलावणं फुकट असतं. वाटी संपली की गिऱ्हाईक पुन्हा मागतं आणि मागितलेल्यातलं निम्मं टाकून जातं. मावशीचा नियम असा, की टेबलावर गेलेली वाटी परत आली की पिंपात. मग त्यातला तुकडासुद्धा हललेला नसो.

"अगं, हात तरी लावलाय का कुणी याला?" मी एकदा म्हणालो होतो.

"लावला की नाही ते मी बघत बसू? त्याच्यापुढं गेलं ते त्याचं झालं."

आणखी एक सांगतो, म्हणजे मी तिच्याबद्दल असा का बोलतो ते कळेल. माझ्या अंगाला वास येतो. धुतलं तरी जात नाही. बाकीची हॉटेलं मला मागच्या दारातून डबा देतात, तेही नाक मुरडून. मावशी मला आत बसवते. तीन वाजता, खिडकीजवळच्या टेबलावर, माणसासारखं. पहिल्या दिवशी मी दारातच घुटमळलो, तर म्हणाली, "उभ्यानं जेवायला तू काय घोडा आहेस?" तेव्हापासून रोज तिथंच जेवतो.

गेल्या वर्षी बाजार पाडायचं ठरलं. नवीन इमारतीत खाण्याचे तीसच गाळे, आणि पहिला हक्क 'हरित दुकान' अशी पाटी मिळालेल्यांचा. पाटी कुणाला, तर ज्याचं दर खुर्चीमागं उष्टं कमी त्याला. म्हणजे निकाल माझ्या काट्यावर. बाहेर राहणार अकरा जण, आणि मावशीचं पिंप गल्लीत सगळ्यांत जड. ती बहात्तर वर्षांची. मूलबाळ नाही, नवरा कधीच गेला, झोपते हॉटेलाच्याच माळ्यावर. गाळा गेला तर तिनं पथारी कुठं पसरायची, हे त्या नियम करणाऱ्यांना कुणी विचारलं नाही.

पहिली पाटी मिळाली कू शेठला. हा गल्लीच्या संघटनेचा अध्यक्ष. ऐंशी खुर्च्या, दारात रांग, आणि पिंप मी एका हातानं उचलायचो. आधी मला वाटलं, स्वयंपाकच इतका झकास असेल की लोक बोटं चाटत असतील. मग एक दिवस नीट बघितलं. कोबीची देठं होती, सुपाचा गाळ होता. किमचीचा एक तुकडा नाही, मोडाचा एक दाणा नाही. रोज चारशे माणसं जेवून जातात आणि त्यातला एकही काही टाकत नाही? आई समोर बसून वाढायची तेव्हाही आम्ही टाकायचो. पुढं एकदा रात्री घरी त्याच्याकडचा डबा उघडला, तर किमचीच्या पानाला भाताचं शीत चिकटलेलं. बरणीतल्या किमचीला भात कुठून लागेल? मी डबा तसाच झाकून ठेवला. एकाच्या टेबलावरून उचलायचं आणि दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायचं, असा हा सगळा धंदा. आणि याच माणसाचा फोटो वॉर्डाच्या फलकावर.

वॉर्ड ऑफिसच्या ह्वांग मॅडम वाईट नाहीत. तरुण आहेत, आकड्यांत हुशार आहेत, त्यांना खरंच कचरा कमी करायचाय. तेवढ्यासाठीच त्या मावशीकडं आल्या, मी जेवत होतो तेव्हा.

"आजी, रागावू नका," त्या म्हणाल्या, "पण तुमच्याकडं फार वाया जातं. दोन महिने उरलेत. जरा कू साहेबांकडून शिका ना."

मावशी म्हणाली, "हो बाळा." माझ्या हातातला चमचा मी असा आपटला की सूप टेबलावर सांडलं. मावशीनं ते पुसलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली, गप्प बस म्हणून.

तिनं प्रयत्न केले. वाट्या लहान आणल्या. लोक म्हणू लागले, "काय मावशी, म्हातारपणी हात आखडला वाटतं?" लहान वाटी तीनदा मागायचे आणि तिसरी तशीच सोडून उठायचे. वजन थोडं उतरलं, पण पाटीच्या आसपाससुद्धा नाही.

मग मी लबाडी केली. तिचं निम्मं पिंप आधी गाडीत ओतायचो आणि उरलेलं काट्यावर ठेवायचो. चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी ती मागच्या दारात उभी.

"तोकमान, आधी काट्यावर ठेव."

"ठेवतोच आहे की."

"आधी म्हणाले मी."

"मावशी, कुणाला कळणार आहे?"

"तू रोज माझ्याकडं जेवतोस ते माझ्या हातचं आहे म्हणून ना? मग? जे आहे ते माझ्या नावावर लागू दे."

मी ठेवलं. आकडा बघून मलाच लाज वाटली, तिला नाही. त्या रात्री मी ठरवलं, आता बोलायचं. मूग गिळून अकरा वर्षं काढली, तेवढी पुरे.

दर महिन्याची बैठक कू शेठच्याच माडीवर असते. ह्वांग मॅडम पडद्यावर आकडे दाखवत होत्या. मी मागं दाराशी उभा होतो, नेहमीसारखा.

"मॅडम, कू शेठचं पिंप हलकं का असतं ते विचारा," मी म्हणालो. "त्यांच्याकडं उष्टं टाकतच नाहीत. परत वाढतात."

मला वाटलं होतं, शेठ अंगावर येईल. तो हसला. "तोकमान, वास नाकातून डोक्यात गेला की काय तुझ्या?"

कुणी हसलं नाही. आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली. निम्मे लोक मान खाली घालून बसले होते. मी नाव एकाचंच घेतलं होतं. हलकी पिंपं मात्र बरीच होती, आणि ती सगळी मीच उचलत होतो.

धिरडी विकणारी बाई उठली. "हे बाहेर गेलं तर उद्या गल्लीत कुत्रं फिरकायचं नाही. तुझा पगार चालू राहील रे. आम्ही काय करायचं?"

ह्वांग मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता. "तुमच्याकडं पुरावा आहे?"

"जे पिंपात नाही ते मी दाखवू कसं, मॅडम?"

त्या मावशीकडं वळल्या. "आजी, तुम्ही इथं चाळीस वर्षं आहात. हे खरं आहे का?"

सगळ्या माना मावशीकडं. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिला माहीत होतं. माझ्या आधीपासून माहीत असणार. मी तिच्याकडं बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बोल, एक शब्द बोल, गाळा तुझाच आहे.

"मी माझ्या चुलीपाशी असते," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात डोकावत नाही."

कू शेठनं स्वतः उठून तिच्या पेल्यात चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं मला बोलावून झापलं. पुन्हा तोंड उघडलं तर गल्ली काढून घेऊ म्हणाले. तीन वाजता मी मावशीकडं गेलो तो भांडायलाच.

"मला तोंडघशी पाडलंस," मी म्हणालो.

"पाडलं."

"का?"

"तू संध्याकाळी गाडी घेऊन घरी जातोस. मला यांच्यात राहायचंय. मी पडले तर उचलायला धिरड्याचीच येणार आहे." मग सूप पुढं ढकललं. "राग काढायचा तर काढ. पण गार करू नकोस."

मी जेवलो. राग गेला नाही, पण तिच्यावरचाही राहिला नाही. माझं मलाच कळेना, कुणाला शिव्या द्यायच्या.

शेवटच्या महिन्यातली गोष्ट. मी तिचं पिंप नेहमीसारखं कंबर कसून उचललं आणि मागं कोलमडता कोलमडता वाचलो. हलकं होतं. झाकण काढलं. भाजीची सालं, सुपाचा गाळ, थोडा भात. किमचीतला मुळा नव्हता. म्हटलं, गिऱ्हाईक कमी झालं असेल. दुसऱ्या दिवशीही नव्हता. आठवडाभर मी झाकण काढून बघत राहिलो, अगदी हात घालून ढवळलं. आकडा रोज वॉर्ड ऑफिसात जात होता, आणि या वेळी मी काही लपवत नव्हतो.

तिला पाटी मिळाली. ह्वांग मॅडम संत्र्यांची पेटी घेऊन आल्या, खरंच आनंदल्या होत्या. "बघितलंत आजी, मनावर घेतलं की जमतं." मावशी दोनदा कमरेत वाकली. कू शेठनं टाळ्या वाजवल्या, धिरड्याच्या बाईनं तिला मिठी मारली. पाटी दारावर ठोकायला मलाच बोलावलं, कारण हातोडा माझ्या गाडीत होता. मी ठोकली. मावशीनं माझ्याकडं बघितलं नाही.

त्या दिवशी तीन वाजता मी माझ्या टेबलावर बसलो. शेजारच्या टेबलावर बँकेतली दोन पोरं उशिरा जेवायला आलेली. माझ्यापुढं मुळ्याची वाटी आधीच मांडलेली होती. मावशीनं सूप आणून ठेवलं. मी वाटीतला मुळा जेवायच्या काड्यांनी उचलायला गेलो, तर तिनं वाटीच बाजूला घेतली.

"हा नको," ती हळूच म्हणाली. "तुझा वेगळा काढून ठेवलाय."

गल्ल्याखालच्या फ्रिजमधून तिनं एक लहान बरणी काढली, माझ्यापुढं ठेवली आणि झाकण उघडून दिलं.

"मावशी, अजून मुळा मिळेल?" शेजारच्या पोरानं विचारलं. "काय चव आहे हो तुमच्या मुळ्याला."

"देते ना बाळा," ती म्हणाली, आणि माझ्यापुढून उचललेली वाटी तिनं त्यांच्यापुढं ठेवली.

पोरानं वाकून आभार मानले. मी खाली मान घातली आणि माझ्या बरणीतला ताजा मुळा खाल्ला.