आधी सत्कार

सत्कार म्हटलं की आता माझं डोकंच सणकतं.

मी लेखकांच्या, कलावंतांच्या प्रकट मुलाखती घेते. अंबडला कडूबा काकांची ठेवली होती. काका आष्टीचे, नाव काढलेले कथाकार. सोमवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यात आवाज कायमचा जाणार होता. उरलेला जपून वापरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. या मुलाखतीसाठी काका दोन दिवस घरात मुके राहिले.

"मला एकच विचार," गाडीतून उतरताना ते कुजबुजले. "गोष्टी कुठून आल्या? मंग मी सांगतो, सगळ्या सगुणाच्या. ती सांगायची, मी लिहायचो. चारचौघांत कधी बोललोच न्हाई. लिहून ठिवावं तर तिला वाचता येत न्हाई. माझ्या तोंडून ऐकू दे तिला."

काकांच्या पत्नी सगुणाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

पण आयोजक रामरावांनी आधी काकांचे सत्कार सुरू केले. पतसंस्थेची शाल, बाजार समितीची शाल, भावकीची शाल. जो तो शाल घालून विचारणार, "तब्येत कशी हाय काका?" आणि काका जन्माचे भिडस्त! प्रत्येकाला, "बरी हाय, तुमची कृपा." माझा जीव नुसता तळमळत होता.

"रामराव, बास करा हो! आवाज संपत चाललाय त्यांचा."

"असं कसं मॅडम? लांबून आलेत लोक. कुणाला न्हाई म्हनायचं?"

कुणालाच म्हणता आलं नाही. मलाही नाही.

शेवटी माइक मिळाला. मी विचारलं, "काका, तुमच्या गोष्टी कुठून आल्या?"

काकांचे ओठ हलले. स्पीकरमधून नुसती हवा आली. त्यांनी सगुणाबाईंकडे हात केला, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत जोर लावला. हवाच.

"काका गहिवरले!" रामरावांनी माइक ओढून घेतला. "या वहिनी, तुमचा पण सत्कार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग लोकांनी काकांना फोटोसाठी गराडा घातला. मला राहवलं नाही.

"काकू, सगळ्या गोष्टी तुमच्याच आहेत, हेच सांगायचं होतं त्यांना."

सगुणाबाई शालींच्या घड्या घालत हसल्या.

"तुमचा जीव चांगला, म्हनून म्हन्ता बाई. इतक्या वर्षांत म्हनले न्हाईत, ते आज कशाला म्हनतील?"