तुतारी हरवलेला तुतारीवाला

मित्रांनो, मी एक जुना तुतारीवाला आहे. तुतारी तेवढी नाही.

सोनगीरजवळच्या एका गावात विटांचं जुनं महादेवाचं देऊळ आहे. त्याच्या भिंतीवर भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. वर देव, आणि तळाच्या रांगेत आम्ही वाजंत्री, गवई आणि नर्तकी. कुंभाराने मला घडवताना गाल टम्म फुगवले, हातात तुतारी दिली आणि आव्यात भाजलं. कित्येक पिढ्या मी ऐटीत उभा होतो. मग पोरांच्या क्रिकेटचा एक चेंडू आला, तुतारी गेली आणि गाल उरले.

पुढे एकदा गावातल्या भागाबाईंची दाढ ठणकत होती. माझा गाल पाहून त्या कळवळल्या, "तुलेबी का रे बाबा?" त्यांनी माझ्या गालाला गूळ लावला. संध्याकाळी त्यांची दाढ ठणकायची थांबली. दाढेत त्यांनी लवंग धरली होती, पण लवंगेला कुठे देऊळ असतं? मी दाढदुखीचा देव झालो. गावाचा गूळ माझ्या गालावर आणि मुंग्या माझ्या नाकात, असा माझा संसार सुरू झाला.

यंदा देवपूरहून शिल्पा मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन देऊळ पाहायला आल्या. रांगेपुढे वाकून म्हणाल्या, "मुलांनो, हा तुतारीवाला. किती सुंदर गाल फुगवलेत." मला रडूच यायचं बाकी होतं.

देवळाचा कारभार पाहणारे नवलभाऊ तर हरखून गेले. आता पाहुणे येणार, म्हणून देऊळ चकाचक करायचं त्यांनी ठरवलं. माणूस मनाने चांगला, पण चकाचक म्हणजे भिंतीलाही फरशी, एवढंच त्यांना माहीत. दुसऱ्या दिवशी मिस्त्री सिमेंट कालवायला बसला. आमची रांग कायमची फरशीआड जाणार होती. मला फार भीती वाटली.

तेवढ्यात भागाबाई आल्या.

"नवलभाऊ, तुनी दाढ बरी शे ना?"

"बरी शे, अक्का. काबर?"

"हाऊ दाढना देव. हाई नाचनारी कंबरवर हात ठी उभी शे, हाई कंबरनी देवी. तो गावनारा कानवर हात ठी बसेल शे, तो कानना देव. ह्या बठ्ठा देवस्ले फरशीखाल दाब. मंग काही दुखनं तं कोनाकडे जाशी?"

मिस्त्रीने थापी खाली ठेवली आणि हळूच आपली कंबर चोळली. नवलभाऊंचा हात गालाकडे गेला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "फरशी पायरीस्वर लाई द्या."

आम्ही वाचलो. पायऱ्या मात्र इतक्या गुळगुळीत झाल्या, की घसरलेले भक्त कंबर धरून थेट नर्तकीकडे येतात. तिचं सध्या बरं चाललंय.

त्या संध्याकाळी भागाबाईंनी ओल्या फडक्याने माझा गाल पुसला. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"माले ठाऊक शे, तू वाजंत्री शे," त्या म्हणाल्या. "मॅडमनं सांगनं मी ऐकं. पन वाजंत्रीले कोन वाचाडस रे? देवले वाचाडतस."

मित्रांनो, जुन्या देवळात याल तेव्हा आम्हाला डोळ्यांनी पाहा. चेंडू लांब खेळा, गूळ घरीच खा आणि चूळ भरा. जमलंच, तर माझ्यापुढे उभं राहून एकदा म्हणा, "वाजव." गाल मी अजून फुगवूनच ठेवले आहेत.