एका कॉफीला एकच बिस्कीट

कालव्यांवरचे पूल उघडणाऱ्यांच्या पाळ्या लावायचं काम यान्तिनाकडे होतं. आजारी पडल्यावरही ते ती नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातल्या आपल्या घरून करतच राहिली. सोमवारी ऑफिसच्या कॉफीला तर ती पडद्यावर न चुकता हजर असायची. तिचा सगळा जीव त्या कॉफीत होता. इस्पितळात, बहिणीकडे, सगळीकडे ती रोगी होती. इथं मात्र ऑफिसातला सीत्से तिची यथेच्छ टर उडवायचा.

"यान्तिना, डबा बंद कर! एका कॉफीला एकच बिस्कीट!"

"माझ्या घरचा डबा आहे, मेल्या! तू तुझा कप सांभाळ."

आपण यातून उठणार नाही, हे तिनं ऑफिसात कुणालाच कळू दिलं नव्हतं.

आणि मग साहेबाचा, हार्मेनचा फोन आला. माणूस भला, पण भल्या माणसांचा जाच काही वेगळाच असतो.

"आजारी म्हणजे आजारी. उद्यापासून तुझं लॉगिन बंद. काय झालंय ते मी विचारत नाही, कायद्यानं विचारताही येत नाही. आराम कर."

"काम घे काढून. सोमवारची कॉफी तेवढी राहू दे."

"एकाला सूट दिली की सगळेच तापात काम करत बसतात गं. बरी झालीस की ये ना!"

सोमवारी ती केस विंचरून, कॉफी घेऊन काळ्या पडद्यासमोर बसली. दुपारी ऑफिसकडून फळांची टोपली आली. चिठ्ठीवर सगळ्यांच्या सह्या होत्या: लवकर बरी हो. तिला रडू कोसळलं. शेवटी तिनंच फोन लावला.

"मी बरी होणार नाहीये, हार्मेन. आता फार दिवस नाहीत."

पलीकडे कळफलक खडखडला.

"लॉगिन उघडतो. आत्ताच उघडतो. पण बाकीच्यांना काय सांगू? परवाच सीत्सेला तापात काम करताना पकडून सक्तीनं झोपवलंय मी."

तिच्यापुढे दुसरा इलाज नव्हता. "खरं ते सांग," ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी पडदा उजळला. सगळे आधीच येऊन बसले होते, अगदी शहाण्यासारखे. कुणी हसेना, कुणी बोलेना. यान्तिनानं डबा मुद्दाम कॅमेऱ्याजवळ धरला, एक बिस्कीट संपवलं, दुसरं उचललं आणि सीत्सेकडे बघत थांबली.

सीत्सेनं घसा खाकरला.

"खा गं," तो हलकेच म्हणाला. "हवी तेवढी खा."