दूधताप

आगाशीच्या त्या आळीत कुणाकडे पाळणा हलायचा झाला, की दवाखान्यात नाव नोंदवण्याआधी एक काम व्हायचं. जगन्नाथकाकांच्या घरची शेगडी सांगून ठेवायची. तीन पायांची, जुनी, बिडाची शेगडी. बाळंतिणीच्या खाटेखाली ती बारा दिवस धुमसली, की अंगातली सगळी थंडी निघून जाते आणि दूध उतरतं, असा सगळ्यांचा पक्का समज. एका घरचं बारसं झालं की शेगडी दुसऱ्या घरी जायची. जाताना तिच्यावर हळदकुंकू वाहायचं काम जगन्नाथकाकांच्या पत्नीचं, प्रेमलताकाकूंचं. आळीतल्या किती बाळंतिणी त्यांनी शेकल्या, त्याची गणती त्यांनाही नव्हती.

शेगडीबरोबर एक गोष्टही घरोघर जायची. ती सांगायला कुणालाच काकू लागत नसत. "सुहासिनीसारखं करू नकोस हो बाय. चोरून केळं खाल्लंन आणि नवव्या दिवशी गेली."

सुहासिनी ही प्रेमलताकाकूंची धाकटी जाऊ. बत्तीस वर्षांपूर्वी मागच्या खोलीत बाळंतीण झाली, पाचव्या दिवशी ताप आला. सासूबाई म्हणाल्या, दूधताप आहे, दूध उतरताना येतोच. नवव्या दिवशी पहाटे ती गेली. खाटेखाली राजेळी केळ्याची साल सापडली आणि कारण तिथंच ठरलं. मागे राहिलेलं नऊ दिवसांचं पोर म्हणजे देवेश. त्याचा बाप पुन्हा लग्न करून डहाणूला गेला. पोर प्रेमलताकाकूंच्या पदराखाली वाढलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. देवेश त्यांनाच आई म्हणे.

आता त्याच मागच्या खोलीत देवेशची बायको रेवा पाच दिवसांची बाळंतीण होती.

रेवाला आई नव्हती. वडील नायगावच्या टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर एकटे. तिथं कोळसा पेटवला तर वॉचमन वर येईल, असं देवेशच हसत म्हणाला होता. म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ती सासरी राहिली. विरारच्या दवाखान्यात मुलगी झाली, दोन टाके पडले, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. घरी येताच काकूंनी खिडकीला गोणपाट ठोकलं, दार लोटलं, शेगडीत निखारे भरले आणि वर ओवा, वावडिंग, लसणाच्या साली टाकल्या. खोली धुरानं निळसर झाली.

सकाळची वेळ होती. मागच्या वाडीत जगन्नाथकाका राजेळीचे घड उतरवत होते. पडवीत पालकाच्या, लाल माठाच्या जुड्या बांधून बाजारात जायला तयार होत्या. रेवाच्या पानात मात्र मऊ भात, तूप, लसणाची चटणी आणि मेथीचा लाडू.

"आई, एक केळं द्या ना," डोक्याला फडकं बांधलेली रेवा म्हणाली. "घरभर घड लोंबतायत. मला वासानं वेड लागेल."

काकूंच्या हातातला चिमटा निखाऱ्यावर तसाच थांबला.

"थंड असतं," त्या म्हणाल्या. "बारा दिवस झाले की हवी तेवढी खा."

"आणि पाणी तरी? हे ओव्याचं नको. साधं."

"कोमट करून आणते."

बाहेर देवेश बॅग खांद्याला लावून उभा होता. अंधेरीच्या ऑफिसात शिकलीसवरलेली माणसं त्याच्या हाताखाली होती. पण दाराच्या फटीतून तो बायकोला म्हणाला, "रेवा, प्लीज. बाकी कशावरही भांड. यावर नको. माझी आई अशीच गेलीय."

काही घरांत देवापेक्षा दहशतीला जास्त मान असतो, आणि ती दहशत प्रेमाच्याच आवाजात बोलते.

त्याच दिवशी दुपारी रेवाला हुडहुडी भरली. अंग तापलं. सायंकाळी देवळातल्या कीर्तनाला टाळ धरायला गेलेले जगन्नाथकाका परत आले ते गुणगुणतच.

"काय बोलले बुवा आज! म्हणे, ठिणगी देवाची, पण राखायची माणसानं. समईत असली तर पूजा, सुटली तर होळी." मग पत्नीचा चेहरा बघून थांबले. "काय झालं गो?"

"रेवाला ताप आहे."

"पाचवा दिवस ना? दूधताप असेल." त्यांनी टोपी खुंटीला लावली. "दूध उतरतंय पोरीला. चांगलंच आहे."

बत्तीस वर्षांपूर्वी हेच शब्द याच पडवीत त्यांच्या आईनं उच्चारले होते. काका विसरले होते. काकू विसरल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू निखारे बदलायला आत गेल्या. खोलीत ओव्याचा धूर होता आणि त्या धुराखाली पिकलेल्या राजेळीचा गोड वास. केळं तर खोलीत नव्हतं. बत्तीस वर्षं हा वास असाच यायचा. कुणाच्याही घरी, कुणाच्याही खाटेखाली त्या शेगडी सरकवायला वाकल्या की यायचा. आळीतल्या बायका म्हणत, काकूंचा हात किती थरथरतो, वय झालं.

खाट करकरली. रेवानं कूस बदलली. ओठ कोरडे, डोळे भलतेच चमकदार. ती हळूच म्हणाली, "आई, कुणाला सांगू नका. माझ्या अंगाला वाईट वास येतोय. खालून. डॉक्टरला सांगाल?"

काकू तिच्या उशाशी बसल्या.

हेच वाक्य. हीच खाट. तेव्हा सुहासिनी म्हणाली होती, "ताई, माझ्या अंगाला वास येतो. भावजींना सांगून डॉक्टर आणवाल?" आणि सव्वीस वर्षांच्या प्रेमलतेनं पुरुषांपुढं असलं कसं बोलायचं म्हणून, सासूच्या धाकानं, तोंड मिटून घेतलं होतं. शेगडीत चार निखारे जास्त घातले होते, एवढंच.

पडवीत चपला वाजल्या. "प्रेमाबाय, पोरगी बघायला आले गो!" पलीकडच्या गल्लीतली थेरेसा. चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स, आता निवृत्त. खोलीत पाऊल टाकताच तिनं नाकाला पदर लावला. "जेजू! बाळंतीण ठेवलीस की बोंबील सुकत घातलेस?"

हसत हसतच तिनं रेवाच्या कपाळाला हात लावला, आणि हसू तिथंच संपलं. पिशवीतून थर्मामीटर काढून बगलेत धरलं. मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडं बघत राहिली.

"एकशे तीन. आणि नाडी पळतेय नुसती. गाडी बोलवा. आत्ता."

"दूधताप..." दारातून काका म्हणाले.

"दूध उतरताना छाती दुखते, अंग जरा कोमट होतं, जगन्नाथभाऊ. हुडहुडी भरत नाही नि घाण वास येत नाही. हा गर्भपिशवीला जंतू लागलाय. रक्तात पसरला तर तासांचा हिशोब आहे."

त्या दिवशी देवेश घरूनच काम करत होता. आवाज ऐकून धावत आला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "बाहेर वारा आहे, मावशी. सहाव्या दिवशी उंबरा... डॉक्टरला इथंच बोलवू. माझी आई एका केळ्यानं गेली. हिला कशी बाहेर काढू?"

"अरे बाबा, केळ्यानं कुणी—"

"तुम्ही नव्हतात तेव्हा! आईला विचारा!" तो काकूंकडं वळला. "सांग ना, आई. साल सापडली होती ना?"

सगळे काकूंकडं बघत होते. खाटेखाली निखारा तडकला. काकूंनी चिमटा खाली ठेवला. नुसतं "ने तिला" म्हटलं असतं, तर त्यांचं सत्य त्यांच्यापाशीच राहिलं असतं. पण देवेश हलला नसता. ज्या भीतीनं त्याचे पाय बांधले होते, ती त्यांनीच घातलेली होती.

"ती साल माझी होती," काकू म्हणाल्या.

कुणाला कळलंच नाही.

"केळं मी खाल्लं होतं. सुहासिनीपाशी बसायची पाळी माझी होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. सासूबाईंची चाहूल लागली म्हणून साल खाटेखाली टाकली. तिनं बघितलं. ती हसली सुद्धा. म्हणाली, ताई, वास तरी घेऊ द्या." त्यांनी खाटेखाली बोट दाखवलं. "ती गेल्यावर सासूबाईंना साल सापडली. सगळे म्हणाले, चोरटी होती, स्वतःच्या करणीनं मेली. मी गप्प बसले. तिला वास येत होता, देवेश. तिनं डॉक्टर मागितला होता. मी सांगितलं नाही. केळ्यानं नाही मेली तुझी आई. आम्ही तिला शेकून शेकून मारली."

बत्तीस वर्षांत प्रथमच देवेशनं आईकडं परक्या माणसासारखं पाहिलं. मग वाकून रेवाला दोन्ही हातांवर उचललं आणि उंबरा ओलांडून तो उन्हात गेला.

काकूंनी शेगडी उचलली. हाताला चटका बसला, तरी सोडली नाही. मोरीत नेऊन तिच्यावर बादलीभर पाणी ओतलं.

विरारच्या मोठ्या दवाखान्यात रेवा चार दिवस अतिदक्षता विभागात होती. तिसऱ्या दिवशी बाकावर बसलेल्या काकांनी थेरेसाला विचारलं, "जंतूंचं औषध चालू आहे म्हणतात. मग मूत्रपिंडाला सूज कशी? जंतू तिथं गेला का?"

"तुमचे बुवा म्हणाले ना ठिणगीचं, ते मला प्रेमाबायनं सांगितलं. तसंच आहे. जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. प्राणवायूच्याच ठिणग्या करतात नि त्याच्यावर फेकतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. मराठी पुस्तकात मुक्त मूलक."

"मुक्त? म्हणजे मुक्ती मिळालेला?"

"नाही हो!" एवढ्यातही तिला हसू आलं. "जोडीदार हरवलेला. एकटा पडलेला कण. तो समोर येईल त्याचं हिसकावून घेतो. मग ज्याचं हिसकावलं तो एकटा पडतो, तो पुढच्याचं हिसकावतो. जंतूवर पडली ठिणगी तर जंतू मरतो. पण फार झाल्या, की आपलंच घर भाजायला लागतं. रक्तवाहिन्या, मूत्रपिंड, सगळं. शरीर विझवायला पाणी राखून ठेवतं. काही स्वतः बनवतं, काही फळांतून, भाजीतून घेतं. बाळंतिणीचं ते आधीच कमी झालेलं. त्यात आपण धूर दिला. धुरातही त्याच ठिणग्या."

कोपऱ्यात बसलेल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे केळं दिलं असतं तर..."

"नाही गो. खोटं नाही सांगणार. केळ्यानं जंतू मरत नाही. त्याला वेळेवर सुई-औषधच लागतं. पण आग लागलेल्या घराचं पाणी तोडून वर शेगडी ठेवतं का कुणी?"

काकू हातावरचा भाजल्याचा डाग बघत राहिल्या. एकटा पडलेला कण शेजारच्याला एकटं पाडतो. त्यांचं मौन तसंच घरोघर गेलं होतं, शेगडीवर हळदकुंकू वाहून.

रेवा वाचली. दवाखान्यात अकरा दिवस काढून घरी आली. दूध मात्र आटलं ते आटलंच. मुलीला बाटली धरताना ती कधीकधी गोणपाट काढलेल्या खिडकीकडं नुसती बघत राहायची. काकूंवर ती एका शब्दानं रागावली नाही, आणि काकूंना तेच सोसवत नसे.

देवेश महिनाभर काकूंशी कामापुरतं बोलला. मग भाद्रपदात सुहासिनीचं श्राद्ध आलं. एवढी वर्षं तिच्या नावानं वाढलेल्या पानावर या घरात केळं ठेवत नसत. ज्यानं मेली ते कसं ठेवायचं? देवेश वाडीत गेला. घडातलं सगळ्यांत पिकलेलं राजेळी केळं त्यानं आणलं, सोललं आणि पानाच्या मधोमध ठेवलं. साल हातात धरून तो काकूंपुढं उभा राहिला.

"हिचं काय करू, आई?"

"माझ्याकडं दे," काकू म्हणाल्या. दोघंही रडले. कावळा पानाला लगेच शिवला, असं आळी अजून सांगते. शिवला असेल. देव दयाळू आहे. पण सुहासिनीला बत्तीस वर्षं वाट बघायला त्यानं लावलं नव्हतं. ते माणसांनी लावलं.

दिवाळीच्या आधी आळीच्या टोकाची एक सासू काकूंच्या पडवीत आली. सून विरारहून कालच घरी आलेली.

"काकू, शेगडी न्यायला आले. हळदकुंकू आणलंय."

काकू आत गेल्या आणि थेरेसानं दिलेलं थर्मामीटर घेऊन आल्या. कुंकवाचं बोट त्यांनी त्याच्या डबीला लावलं.

"हे ने. सकाळ-संध्याकाळ लाव. शंभराच्या वर गेलं की गाडी बोलव, मुहूर्त बघू नको. खिडकी उघडी ठेव. मागेल तेवढं पाणी दे, केळं दे. आणि अंगाला वास येतो म्हणाली तर लाजू नको, तिलाही लाजू देऊ नको."

"अहो, पण सुहासिनी केळ्यानंच ना..."

पडवीत राजेळीचा घड पिकत होता. वास सगळीकडं दरवळत होता. काकूंचा हात या वेळी थरथरला नाही.

"बस," त्या म्हणाल्या. "सुहासिनी कशानं गेली ते सांगते. ऐक, आणि जाशील त्या घरी सांग."