करंगळीची जागा

श्रीमंतमामांनी खांद्यावरचा पट्टा सोडला, दंडाला बसवलेला प्लास्टिकचा हात ओढून काढला आणि पंकजाच्या हातात दिला.

"धर जरा. म्हैस बघायची हाय."

तो हात आतून अजून कोमट होता. तीन वर्षांपूर्वी पंकजाच त्यांना पुण्याच्या शिबिरात घेऊन गेली होती. पेला कसा धरायचा हे तिनंच दोन दिवस बसून शिकवलं होतं. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा भेटली, तेव्हा मामांनी तो घातलेलाच असे. त्यांना तो काढताना ती आज पहिल्यांदाच पाहत होती.

"बाजारात काढून ठेवता?"

मामा थोडे ओशाळले. "पकड चांगली हाय त्याची. पन तो मुका हाय, बाई. जनावर काय सांगतं, त्ये त्याला कळत न्हाई."

ते तिच्या आईचे चुलतभाऊ. अकरा वर्षांपूर्वी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांचा उजवा हात गेला, तरी म्हैस गाभण आहे की नाही हे विचारायला घोडेगावच्या बाजारात लोक अजून त्यांच्याकडेच येत. आज पंकजाचे वडील आप्पासाहेब देवळाली प्रवऱ्याच्या आपल्या भावासाठी म्हैस घ्यायला आले होते आणि सुट्टी म्हणून तीही सोबत आली होती.

सुट्टी नावाचीच. सावेडीच्या घरून निघाल्यापासून गाडीत एकच विषय होता. बायोमेडिकल इंजिनीअरिंगच्या पीएचडीसाठी तिला दोन ठिकाणांहून होकार आला होता आणि सोमवारपर्यंत उत्तर कळवायचं होतं. एक झुरिकची नावाजलेली प्रयोगशाळा. तिथला यांत्रिक हात दंडाच्या स्नायूंचे इशारे ओळखून पाचही बोटं वेगवेगळी हलवायचा, शर्टाची बटणं लावायचा. दुसरी चेन्नईची. नवी जागा, एक मार्गदर्शक बाई आणि दोन विद्यार्थी. कृत्रिम बोटाला झालेला स्पर्श माणसापर्यंत परत कसा पोचवायचा, हा त्यांचा विषय. पहिली दोन वर्षं दाखवण्यासारखं काहीच हाती लागणार नाही, हे बाईंनी फोनवर आधीच सांगून टाकलं होतं. आप्पासाहेब निवृत्त गणित शिक्षक. ते मुलीला असं कर, तसं कर म्हणत नसत. घरी येणाऱ्या प्रत्येकाला झुरिकची गोष्ट मात्र सांगत. पंकजालाही मनातून तेच पटलं होतं. आधी हात नीट चालू दे, स्पर्शाचं पुढं बघता येईल.

मामांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि हाताचं उरलेलं गोल टोक म्हशीच्या उजव्या कुशीला, खालच्या अंगाला टेकवलं. डोळे मिटले. बाजूला दलाल बोलत होते, टेम्पोतून वासरं उतरत होती. मामा मात्र देवासमोर उभं राहावं तसे उभे होते.

बऱ्याच वेळानं त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हलतंय. आठवा लागला आसंल. लाथ बरुबर तळहातात बसली."

"कशात?" पंकजानं विचारलं.

मामांनी डोळे उघडले. चुकून काही बोलून गेल्यासारखं वाटून त्यांनी बाही खाली ओढली.

तिनं त्याच जागी आपला तळवा ठेवला. कातडीखालून काहीतरी टणक सरकलं आणि तिच्या तळहाताला ढकलून गेलं. हेच मामांना कळलं होतं, नसलेल्या हातात.

आप्पासाहेब मालकाशी बोलत राहिले. पंकजानं मामांना टेम्पोच्या सावलीत बसवलं आणि हळूच विचारलं, तो हात अजून जाणवतो का. मामांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाले की सुरुवातीला एका डॉक्टरला सांगितलं होतं. त्यानं हा मनाचा खेळ म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. घरात बायकोला, भागूबाईला सांगितलं, तर ती रडायला लागली. तेव्हापासून कुणाजवळ शब्द काढला नाही.

"मलाच वाटायचं, डोकं फिरलं का काय आपलं."

"डोकं ठीक आहे तुमचं," पंकजा म्हणाली. "हात गेला, पण मेंदूत त्याची जागा आहे तशीच आहे. तिकडे जाणाऱ्या नसा इथपर्यंत जिवंत आहेत." तिनं त्यांची बाही पुन्हा वर केली. "तिकडं तोंड करा. मी दाबते, कुठं लागतं ते सांगा."

मामांनी मान वळवली. तिनं एका बोटानं दाबलं.

"अंगठा."

जरा आत.

"ह्ये पयलं बोट."

मग दोन-तीन ठिकाणी नुसतंच दंडाला लागलं. ती बाहेरच्या कडेला आली, तसे मामा दचकले.

"करंगळी. नखापाशी."

तिनं क्रम बदलला, पुन्हा विचारलं. एकही उत्तर चुकलं नाही. पुस्तकात हे तिनं वाचलं होतं, दोन ओळी आणि एक आकृती. शंभरेक दंडांवरचे इशारे तिनं पडद्यावर रेघांच्या रूपात पाहिले होते, पण त्या माणसांपैकी एकालाही तिनं काही विचारलं नव्हतं. आणि इथं, चार बोटं रुंद कातडीवर, अकरा वर्षांपूर्वी गेलेला हात बोटाबोटानं जागा होता. आपला आवाज निघाला तर हे सगळं नाहीसं होईल, असं तिला वाटलं.

"करंगळी थंडीत गार पडती," मामा पाठमोरेच म्हणाले. "तिला पांघरून कुठं घालायचं, सांग."

व्यवहार ठरवून आप्पासाहेब तिघांचा चहा घेऊन आले. मामांची उघडी बाही पाहून त्यांनी सवयीनं नजर दुसरीकडे वळवली. पंकजानं झालं ते सगळं सांगितलं. मग तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"पप्पा, मी चेन्नईला कळवते."

आप्पासाहेबांनी चहा संपवला. बाईंकडे किती विद्यार्थी आहेत, ते पुन्हा एकदा विचारलं. दोनच, असं ती म्हणाली. ते म्हशीकडे बघत राहिले. पंकजा त्यांच्या पुढच्या प्रश्नाची वाट पाहत होती. तो आला तेव्हा तो तिला नव्हता.

"श्रीमंत, करंगळी कुठं म्हणालास?"

मामांनी दंड पुढे केला. आप्पासाहेबांचं बोट जवळ गेलं आणि वीतभर अंतरावर थांबलं. मामांनी डाव्या हातानं ते बोट धरलं आणि जागेवर नेऊन टेकवलं.

"हां," मामा म्हणाले. "आता लागलं."

आप्पासाहेबांनी बोट तसंच राहू दिलं.