खाजणाच्या नकाशावरचं कुंकू

मित्रांनो, आधी हात पुसून या आणि तो पेन खिशात ठेवा. मग खुशाल माझ्याजवळ बसा. मी एक जुना नकाशा आहे आणि स्वभावाने संशयी आहे. माझी हकीकत ऐकलीत, तर मला नावं ठेवणार नाही.

माझा जन्मच संशयात झाला. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यामध्ये सॉलवेची खाडी आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे मोजणीदार आले आणि त्यांनी विचारलं, हद्द कुठून जाते? अलीकडचे म्हणाले, पलीकडचे ओहोटी साधून आमची गुरं पळवतात. पलीकडच्यांनीही अलीकडच्यांबद्दल तेच सांगितलं. शेवटी हद्द पाण्याच्या मधोमध आखली. मी छापून झालो आणि पुढच्याच हिवाळ्यात पाण्याने वाट बदलली! लोक मला खोटारडा म्हणू लागले. तेव्हापासून माझा कोणावरच विश्वास नाही.

खाडीच्या इंग्लंडकडच्या काठाला मोठं खाजण आहे. भरतीचं खारं पाणी तिथे येऊन जातं आणि मागे गुरांना आवडणारं बारीक गवत वाढतं. हे खाजण गावाच्या सामाईक मालकीचं. कोणाची गुरं कोणत्या फाटकातून सोडायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. ज्याला फाटक नाही, त्याला चराई नाही. माझ्यासारखे छापील भाऊ पुष्कळ होते, पण गावाच्या चिटणिसाने माझ्यावर प्रत्येक फाटकापाशी त्या त्या घराचं नाव तपकिरी शाईने लिहिलं. भांडण निघालं की मला टेबलावर पसरत. “नकाशा काय म्हणतो ते बघा!” असं कोणी म्हटलं की माझी छाती फुगायची. पण बोटांना चिखल असायचा, हेही मी विसरलेलो नाही.

पुढे भांडणं मिटली आणि मी खणात पडलो. कसरीने माझा एक कोपरा खाल्ला. १९८७ साली शेवटचा चिटणीस वारला. त्याचं घर आवरताना कोणीतरी मला कार्लाइलच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकलं.

तिथून मला अनुराधाने घेतलं. ती नॉटिंगहॅमच्या शाळेत भूगोल शिकवायची आणि तिचा नवरा जयंत तिथल्याच हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होता. दोघं सुट्टीला खाडीवर आले होते. ही बाई भिंगाखाली मला इतकं निरखून पाहायची, की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हिला काय हवंय माझ्याकडून?

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. तिने पाटावर जयंतचा स्टेथोस्कोप ठेवला, आपला पृथ्वीगोल ठेवला आणि शेजारी मला पसरलं. मग ओल्या कुंकवात बोट बुडवलं.

“अगं, त्याच्यावर कशाला? स्टेन पडेल ना!” जयंत म्हणाला.

“पडू दे रे. पुस्तकांना लावतोच ना आपण? आणि हे बघ, सेम असंच खाजण माझ्या आजोळी आहे.” असं म्हणत तिने नेमकं खाजणावरच बोट टेकवलं.

एका फाटकाचं नाव त्या लाल ठिपक्याखाली गेलं. मी मनातून पेटलो. नक्की काहीतरी लपवतेय ही, असं मी धरूनच चाललो.

चार वर्षांनी दोघं पुन्हा खाडीवर गेले आणि एलिझाबेथ ग्रॅहमच्या घरी उतरले. ती म्हातारी विधवा बावीस गाई पाळायची आणि उन्हाळ्यात पाहुणे ठेवायची. त्या वर्षी नव्या शेजाऱ्याने तिच्या फाटकाला साखळी घातली होती. हे फाटक ग्रॅहमांचं कधी नव्हतंच, असं त्याचं म्हणणं. फाटक गेलं, तर गाई विकाव्या लागणार होत्या. न्याहारी वाढताना तिने हे सांगितलं आणि अनुराधाने हातातला टोस्ट खाली ठेवला.

“जयंत, त्या गेटचं नाव आपल्या मॅपवर असणार.”

आठवड्याभरात मी गावच्या सभागृहात टेबलावर होतो. खणात पडल्यापासून चाळीस वर्षांनी पुन्हा! पण गावसभेच्या अध्यक्षांनी चष्मा लावला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नेमक्या त्याच फाटकावर लाल डाग.

“हा कधी पडला? आणि कोणी पाडला?”

“मी,” अनुराधा म्हणाली. “आमच्याकडे एका सणाला कामाच्या वस्तूंची पूजा करतात. तेव्हा लावलं.”

शेजारी हसला. “मैत्रिणीच्या गरजेच्या जागीच बरा सण आला!”

एलिझाबेथ मान खाली घालून बसली होती. खरं सांगतो, तो सण मी स्वतः पाहिला होता, तरी मलाही शेजाऱ्याचंच पटत होतं.

 अनुराधाने मला अलगद उचललं, पालथं केलं आणि खिडकीशी उजेडात धरलं. “माझ्या वर्गातली मुलं होमवर्कचे मॅप ट्रेस करून आणतात. मी असंच पकडते त्यांना,” ती म्हणाली.

माझी पाठ आजवर कोणी पाहिली नव्हती. तपकिरी शाई नव्वद वर्षांत कागदात मुरून पाठीवर उतरली होती. कुंकू मात्र वरच राहिलं होतं. एलिझाबेथने पर्समधला छोटा आरसा समोर धरला. त्यात सगळी फाटकं दिसली, एकाच हाताने आणि एकाच शाईत लिहिलेली. ठिपक्याच्या जागी ‘ग्रॅहम’ होतं. अध्यक्षांनी दोनदा वाचलं आणि साखळी काढायला सांगितलं. एलिझाबेथ अनुराधाच्या गळ्यात पडून रडली. मला माझीच लाज वाटली. चार वर्षं मी जिच्यावर डूख धरला, तिने मला देवासमोर मांडलं होतं.

आता १९९७ साल आहे. अनुराधाने मला एलिझाबेथलाच देऊन टाकलं. मी तिच्या स्वयंपाकघरात काचेमागे असतो. दर खंडेनवमीला नॉटिंगहॅमहून फोन येतो आणि म्हातारी अनुराधाने दिलेली कुंकवाची डबी उघडून काचेवर बोट टेकवते.

मित्रांनो, मी काही साधू झालेलो नाही. संशय येतो, तुम्हालाही येईल. पण कोणाला दोषी ठरवण्याआधी त्याला एकदा उजेडात धरून बघा. जुने कागद जपा, त्यांच्यावरच्या डागांसकट.

परवाच जुने कागद साफ करणारा एक तज्ज्ञ आला होता. कापूस आणि औषधाची बाटली काढून म्हणाला, “हा लाल डाग सहज निघेल.” मी त्याच्या हातांकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. एलिझाबेथने त्याची बाटली बंद केली आणि त्याला चहा दिला.